ग्रेट बॅरिअर रीफ : परिस्थितिविज्ञान व संरक्षणाचा इतिहास

जगातील सर्वांत मोठी प्रवाळभित्तिमालिका. ती ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यासमोर, क्वीन्सलँड राज्यालगतच्या कोरल समुद्रात पसरली आहे. उत्तरेस टॉरस सामुद्रधुनीपासून दक्षिणेस बंडाबर्ग शहरासमोरील लेडी एलियट बेटापर्यंत तिची लांबी सु. २,३०० किमी. भरते. उत्तर भागात ती काही ठिकाणी किनाऱ्यापासून अवघ्या ३० किमी. वर असून दक्षिणेकडे हे अंतर २०० किमी. पेक्षाही अधिक होते. नावावरून एखाद्या अखंड तटबंदीची कल्पना येते, परंतु प्रत्यक्षात ही मालिका सु. ३,००० लहानमोठ्या भित्ती, त्यांमधील खिंडी, वाळूची व खडकाळ बेटे आणि किनाऱ्याकडील उथळ खारकच्छ यांची मिळून बनली आहे. या संपूर्ण प्रदेशासाठी स्थापन झालेल्या सागरी उद्यानाचे क्षेत्रफळ सु. ३,४४,४०० चौ. किमी. आहे. म्हणजे ते महाराष्ट्र राज्याच्या क्षेत्रफळाहूनही मोठे आहे. मात्र त्यातील प्रत्यक्ष प्रवाळभित्तींनी व्यापलेला भाग जेमतेम ७ टक्के असून उरलेला भाग सागरी गवताची कुरणे, वाळूचे व चिखलाचे तळ आणि खोल समुद्र यांनी व्यापला आहे.

गेल्या अडीचशे वर्षांत या भित्तीकडे पाहण्याची दृष्टी अनेकदा बदलली. दर्यावर्दींना ती जहाजे फोडणारा अडथळा वाटली, व्यापाऱ्यांना शिंपल्यांचे व कासवांचे भांडार, तर खाण कंपन्यांना चुनखडीचा व खनिज तेलाचा साठा. ती एक सजीव व परस्परावलंबी व्यवस्था आहे, हे ज्ञान पुष्कळ उशिरा आले आणि त्याला अनुसरून संरक्षणाचे उपाय त्याहूनही उशिरा झाले. एका धोक्यासाठी आखलेली संरक्षणाची मर्यादा पुढील धोक्यापुढे अपुरी पडावी, असे या इतिहासात पुनःपुन्हा घडलेले दिसते.

रचना व उत्पत्ती : प्रवाळभित्ती बांधणारे प्राणी आंतरदेही संघातील असून त्यांतील बहुतेकांचे व्यक्तिगत आकारमान काही मिलिमीटरांपलीकडे जात नाही. प्रत्येक बहुशुंडक समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन आपल्या तळाशी चुन्याची वाटी तयार करतो. मुकुलनाने त्याची संख्या वाढत जाऊन वसाहत बनते. वसाहती मरतात, त्यांच्या सांगाड्यांवर नव्या वसाहती वाढतात आणि चुनामय शैवले या सर्व राडारोड्याला सांधून टाकतात. जिवंत प्रवाळ हा या रचनेचा केवळ वरचा पातळ थर असतो. त्याखालील प्रचंड वस्तुमान मृत पिढ्यांचे असते. दागिन्यांत वापरले जाणारे तांबडे पोवळे या भित्तिकारक प्रवाळांपासून मिळत नाही. ते मुख्यतः भूमध्य समुद्रात वाढणाऱ्या वेगळ्या जातीचे असते.

ऑस्ट्रेलियाचे भूखंड उत्तरेकडे सरकत उष्ण कटिबंधातील सागरात आल्यानंतरच येथे प्रवाळांची वाढ शक्य झाली. सध्याच्या भित्तींखाली लाखो वर्षांपूर्वीच्या जुन्या भित्तींचे अवशेष आहेत. सु. २०,००० वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या परमावधीत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सु. १२० मी. खाली होती. त्या वेळी आजच्या खारकच्छाचा तळ ही कोरडी जमीन होती आणि जुन्या भित्ती चुनखडीच्या टेकड्यांच्या रूपाने तीवर उभ्या होत्या. बर्फ वितळून समुद्र चढू लागला, तेव्हा या टेकड्यांच्या माथ्यांवर प्रवाळांनी पुन्हा वस्ती केली. आजची भित्ती ही त्या वाढीचे फळ असून तिचे वय दहा हजार वर्षांहून अधिक नाही.

जीवसृष्टी : या प्रदेशात कठीण प्रवाळांच्या सु. ४००, माशांच्या सु. १,५०० आणि मृदुकाय प्राण्यांच्या सु. ४,००० जाती आढळतात. जगातील समुद्रकासवांच्या सात जातींपैकी सहा येथे आहेत. उत्तरेकडील रेन बेट हे हिरव्या कासवांचे जगातील सर्वांत मोठे अंडी घालण्याचे ठिकाण होय. डुगाँग किंवा समुद्रगाय हा शाकाहारी सस्तन प्राणी येथील सागरी गवतावर जगतो. दक्षिण ध्रुवीय समुद्रातून येणारे कुबड देवमासे हिवाळ्यात याच उबदार पाण्यात पिलांना जन्म देतात.

उष्ण कटिबंधातील स्वच्छ समुद्राचे पाणी पोषकद्रव्यांच्या दृष्टीने दरिद्री असते. अशा पाण्यात एवढी समृद्ध जीवसृष्टी कशी नांदते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडला होता. त्याचे उत्तर प्रवाळ व एकपेशीय शैवले यांच्या सहजीवनात आहे. प्रवाळाच्या ऊतकांत राहणारी ही शैवले प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा बहुतेक भाग यजमानाला देतात आणि त्याच्या उत्सर्जित द्रव्यांचा खतासारखा उपयोग करून घेतात. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्यांच्यामुळे येतो. या सहजीवनामुळेच भित्तिकारक प्रवाळांना सूर्यप्रकाश, स्वच्छ पाणी आणि ठराविक मर्यादेतील तापमान यांची आवश्यकता असते. पाणी गढूळ झाले अथवा तापले, तर प्रथम बिघडतो तो हा संबंध.

प्रवाळांचे प्रजननही विलक्षण आहे. दक्षिण गोलार्धातील वसंत ऋतूच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या थोड्या रात्रींत, शेकडो किलोमीटरांच्या टापूतील बहुसंख्य जाती आपली अंडी व शुक्राणू एकाच वेळी पाण्यात सोडतात. ही सामुदायिक प्रक्रिया टाउन्झव्हिलजवळील मॅग्नेटिक बेटावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात आली ती १९८१–८२ च्या सुमारास. फलनातून निर्माण झालेले डिंभ प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दूरच्या भित्तींवर रुजतात. म्हणून एका भित्तीची हानी पुष्कळदा दुसऱ्या भित्तीवरील पुरवठ्याने भरून निघते आणि कोणतीही एक भित्ती वेगळी काढून तिचे रक्षण करता येत नाही. या दोन्ही गोष्टींना संरक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्व आहे.

मूळ रहिवासी व यूरोपीय समन्वेषण : समुद्र चढत असताना या किनाऱ्यावर मानवी वस्ती होती. पूर्वी किनारा पुष्कळ पूर्वेस होता व नंतर समुद्राने जमीन गिळली, अशा आशयाच्या कथा केर्न्झ परिसरातील आदिवासींच्या मौखिक परंपरेत टिकून आहेत. आज आदिवासींचे व टॉरस सामुद्रधुनीतील बेटवासीयांचे मिळून सु. ७० समूह या सागरी प्रदेशाचे परंपरागत मालक म्हणून ओळखले जातात. कोणत्या समूहाने कोठे व केव्हा शिकार करावी, कासव व डुगाँग यांची वाटणी कशी व्हावी, यांविषयीचे नियम त्यांच्यात रूढ होते.

ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक याचे ‘एंडेव्हर’ हे जहाज ११ जून १७७० रोजी रात्री येथील एका भित्तीवर आदळले. जहाज हलके करण्यासाठी तोफांसह सु. ४०–५० टन सामान समुद्रात फेकावे लागले. जवळजवळ एक दिवसाने जहाज सुटले, तेव्हा त्याच्या भोकात प्रवाळखडकाचा एक तुकडा अडकून राहिलेला आढळला. फेकलेल्या तोफा पुढे १९६९ मध्ये सापडल्या. दुरुस्तीसाठी हे जहाज आजच्या कुकटाउन येथील नदीमुखात सु. सात आठवडे थांबले होते. खलाशांनी भित्तीवरून बरीच कासवे पकडून आणली होती. गुगू यिमिथिर जमातीच्या लोकांनी १९ जुलै रोजी त्यांतील एक मागितले. ते नाकारण्यात आल्यावर त्यांनी दोन कासवे ओढून समुद्रात टाकण्याचा प्रयत्न केला आणि नंतर किनाऱ्यावरील तळाभोवतीचे गवत पेटवून दिले. कुकने बंदूक झाडली व त्यात एकजण जखमी झाला. थोड्या वेळाने एक वृद्ध गृहस्थ टोक नसलेला भाला घेऊन पुढे आला व समेट घडला. हा प्रसंग कुक व निसर्गवैज्ञानिक जोसेफ बँक्स या दोघांच्याही दैनंदिनींत नोंदलेला आहे. या सागरातील संपत्ती कोणाची व ती किती घ्यावी, याविषयीचा हा पहिला लिखित वाद म्हणता येईल.

मॅथ्यू फ्लिंडर्झने १८०२ मध्ये या भित्तींमधून वाट काढली. १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तामुळे ‘ग्रेट बॅरिअर’ हे नाव रूढ झाले. तोपर्यंत अनेक जहाजे येथे फुटली होती व पुढेही फुटत राहिली. १७९१ मध्ये बुडालेले ‘पँडोरा’ हे त्यांपैकी प्रसिद्ध होय. १८४२–४६ मध्ये ‘फ्लाय’ या जहाजाने पद्धतशीर सर्वेक्षण केले आणि त्याच काळात, १८४४ मध्ये, रेन बेटावर कैद्यांच्या श्रमातून दगडी मार्गदर्शक मनोरा उभारण्यात आला. या जहाजावरील निसर्गवैज्ञानिक जोसेफ ज्यूक्स याने भित्तीचे पहिले विस्तृत शास्त्रीय वर्णन १८४७ मध्ये प्रसिद्ध केले.

व्यापारी उपयोग : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे अनेक धंदे भराभर वाढले. समुद्रकाकड्या उकळून व वाळवून चीनला पाठविल्या जात. मोत्यांच्या शिंपांपासून गुंड्या बनत. डुगाँगची शिकार औषधी मानल्या गेलेल्या तेलासाठी होई. शिंपा काढण्याच्या कामावर आदिवासी, टॉरस बेटवासी, पॅसिफिक बेटांवरील मजूर आणि पुढे जपानी पाणबुडे असत. हे काम धोक्याचे होते व मजुरांची पिळवणूकही मोठ्या प्रमाणात होई. पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेले ग्वानो हे खत मिळविण्यासाठी लेडी एलियट बेट १८६३ पासूनच्या दहा वर्षांत अक्षरशः खरवडून काढण्यात आले. तेथील वनस्पती व मातीचा थर नाहीसा होऊन मागे उघडा खडक उरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उसाच्या मळ्यांना चुना पुरविण्यासाठी काही भित्तींवरून प्रवाळ खणून काढले गेले. दक्षिणेकडील बेटांवर कासवांच्या सारासाठी डबाबंदीचे कारखानेही निघाले होते. क्वीन्सलँडमध्ये समुद्रकासवांना पूर्ण संरक्षण मिळाले ते १९६८ मध्ये.

या धंद्यांवर काही निर्बंध होते, परंतु ते सर्व एकेका जिनसाचा पुरवठा टिकविण्यासाठी होते. क्वीन्सलँडचा मत्स्योद्योग आयुक्त विल्यम सॅव्हिल-केंट याने १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेला सचित्र ग्रंथ याच दृष्टिकोनाचा द्योतक आहे. त्यात भित्तीवरील जीवसृष्टीची उत्कृष्ट छायाचित्रे आहेत आणि त्याबरोबरच तेथील उत्पन्नाच्या साधनांचा आढावाही आहे.

शास्त्रीय अभ्यास : चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये प्रवाळभित्तींच्या उत्पत्तीविषयी आपला सिद्धांत मांडला. तळ हळूहळू खचत असता प्रवाळ वर वाढत राहतात व त्यातून अनुतट, रोधक व कंकणाकृती भित्ती क्रमाने निर्माण होतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याची परीक्षा करणे हा येथील प्रारंभीच्या संशोधनाचा एक मुख्य हेतू होता. त्यासाठी १९२२ मध्ये ब्रिस्बेन येथे ‘ग्रेट बॅरिअर रीफ समिती’ स्थापन झाली आणि तिने १९२६ मध्ये मिकलमस के व १९३७ मध्ये हेरन बेट येथे खोल विंधणे घेतली.

जैव अभ्यासाला निर्णायक वळण मिळाले ते १९२८–२९ च्या ब्रिटिश मोहिमेमुळे. चार्ल्स मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांच्या या पथकाने लो आइल्स या लहानशा बेटांवर सु. एक वर्ष मुक्काम केला आणि भरती-ओहोटी, तापमान, प्लवक, प्रवाळांचे पोषण व वाढ यांची अखंड निरीक्षणे घेतली. अनेक शास्त्रांच्या अभ्यासकांनी एकाच भित्तीचा वर्षभर एकत्र अभ्यास करावा, ही त्या काळी नवी गोष्ट होती. पाणी अतिशय तापल्यास प्रवाळ आपल्या ऊतकांतील शैवले बाहेर टाकतो, हे याँग यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोंदविले. त्या वेळी हा शरीरक्रियाविज्ञानातील एक तपशील होता. साठसत्तर वर्षांनी तोच या भित्तीच्या भवितव्याचा कळीचा प्रश्न ठरला. पुढे हेरन बेटावर संशोधन केंद्र निघाले आणि १९७२ मध्ये टाउन्झव्हिलजवळ ऑस्ट्रेलियन सागरविज्ञान संस्था स्थापन झाली.

खाणी, तेल व संरक्षणाची चळवळ : संरक्षणाचा खरा लढा १९६७ मध्ये एका लहानशा अर्जावरून सुरू झाला. उसाच्या शेतांना स्वस्त चुना मिळावा म्हणून इनिसफेल शहरासमोरील एलिसन भित्ती खणण्याची परवानगी एका ऊस बागाईतदाराने मागितली. ही भित्ती ‘मृत’ आहे, असा त्याचा आधार होता. चित्रकार जॉन ब्यूस्ट, कवयित्री जूडिथ राइट व वनशास्त्रज्ञ लेन वेब यांनी या अर्जाला विरोध केला. क्वीन्सलँडमधील वन्यजीवरक्षण संस्थेच्या वतीने तरुण पाणबुड्यांनी भित्तीची पाहणी केली व तेथील विपुल जीवसृष्टीचा पुरावा सुनावणीत मांडला. मृत प्रवाळ हाच जिवंत प्रवाळांचा, माशांचा व असंख्य अन्य प्राण्यांचा निवारा असतो, म्हणून भित्तीचा कोणताही भाग ‘निरुपयोगी’ म्हणून वेगळा काढता येत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९६८ मध्ये अर्ज फेटाळण्यात आला. प्रकरण छोटे होते, परंतु त्याने एक तत्त्व प्रस्थापित केले. तसे न होते, तर उरलेल्या भित्तींवर अशाच अर्जांची रांग लागली असती.

त्याच सुमारास क्वीन्सलँड शासनाने भित्तीच्या जवळजवळ सर्व क्षेत्रावर खनिज तेलाच्या शोधाचे परवाने दिले होते. १९६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर ‘टॉरी कॅन्यन’ या तेलवाहू जहाजाचा व १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सँता बार्बरा येथील तेलविहिरीचा अपघात झाला. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील लोकमत जागृत झाले. जानेवारी १९७० मध्ये रिपल्स उपसागरात विंधण सुरू होण्याच्या बेतात असता कामगार संघटनांनी विंधण जहाजावर बहिष्कार जाहीर केला व ते काम थांबले. दोनच महिन्यांनी टॉरस सामुद्रधुनीत ‘ओशॅनिक ग्रँजर’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळून तेल सांडले. परिणामी त्याच वर्षी केंद्र व राज्य यांच्या शाही आयोगांची नेमणूक झाली. आयोगांचे काम १९७४ पर्यंत चालले. ब्यूस्ट यांचे १९७१ मध्ये निधन झाल्याने लढ्याचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. राइट यांनी या लढ्याचा वृत्तांत १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

या वादाला घटनात्मक बाजूही होती. किनाऱ्यालगतच्या समुद्रावर अधिकार राज्याचा की केंद्राचा, हे निश्चित नव्हते. १९७३ च्या कायद्याने केंद्राने तो अधिकार आपल्याकडे घेतला आणि डिसेंबर १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने तो मान्य केला. तत्पूर्वी त्याच वर्षी संसदेने सर्व प्रमुख पक्षांच्या पाठिंब्याने ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यान कायदा संमत केला होता.

सागरी उद्यान : १९७५ च्या कायद्याने एक स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले व उद्यानक्षेत्रात तेलासाठी विंधण आणि खाणकाम यांना मनाई केली. मात्र मासेमारी, पर्यटन व नौकानयन पूर्णपणे बंद केले नाही. समुद्राचे विभाग पाडून प्रत्येक विभागात कोणता उपयोग चालेल हे ठरविण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. ती पुढे अनेक देशांनी आदर्श मानली. दक्षिणेकडील कॅप्रिकॉर्निया हा पहिला विभाग १९७९ मध्ये जाहीर झाला. १९८१ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा यादीत समाविष्ट करण्यात आला. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्याला विशेष संवेदनशील सागरी क्षेत्राचा दर्जा दिला. हा मान मिळालेले ते जगातील पहिले क्षेत्र होय. तरीही ३ एप्रिल २०१० रोजी ‘शेन नेंग १’ हे कोळसावाहू जहाज डग्लस शोल या भित्तीवर चढले व त्याने सु. ३ किमी. लांबीचा पट्टा घासून काढला.

प्रारंभीच्या योजनेत मासेमारीला पूर्ण बंदी असलेले क्षेत्र ५ टक्क्यांहूनही कमी होते आणि ते मुख्यतः प्रवाळभित्तींपुरते होते. भित्ती, गवताची कुरणे व मोकळा तळ ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत, हे स्पष्ट झाल्यावर संपूर्ण प्रदेशाचे ७० जैव विभाग पाडण्यात आले व प्रत्येकाचा काही भाग राखून ठेवण्याचे ठरले. मच्छीमारांचा विरोध तीव्र होता. लोकांकडून ३१ हजारांहून अधिक निवेदने आली. अखेर १ जुलै २००४ पासून उद्यानाचा सु. ३३ टक्के भाग मासेमारीस बंद झाला. अशा राखीव भित्तींवर मोठ्या शिकारी माशांची संख्या व आकार वाढल्याचे पुढील पाहण्यांत दिसून आले.

परंपरागत मालकांचा प्रश्न मात्र मूळ कायद्याने बाजूस ठेवला होता. भित्तीच्या उत्तर टोकाजवळील मेर बेटाच्या एडी माबो यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या भूमीवरील हक्कांसाठी दाद मागितली होती. उच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी त्यांच्या बाजूने निर्णय दिला व ऑस्ट्रेलिया ही यूरोपीयांच्या आगमनापूर्वी निर्नायकी भूमी होती, ही कल्पना त्याज्य ठरविली. २००५ पासून काही समूहांशी कासव व डुगाँग यांच्या पारंपरिक शिकारीबाबत करार होऊ लागले.

किनाऱ्यावरून येणारा धोका : उद्यानाची सीमा समुद्रात होती, परंतु नद्या ती जुमानीत नाहीत. क्वीन्सलँडच्या सु. ४,२४,००० चौ. किमी. जलवाहन क्षेत्रातील ३५ नद्यांचे पाणी खारकच्छात येते. या प्रदेशातील गवताळ भाग गुरांच्या चराईखाली व किनारी मैदाने उसाखाली आहेत. धुपलेली माती, खतांतील नायट्रोजन व कीटकनाशके पुराबरोबर समुद्रात येतात. याचा पुरावा खुद्द प्रवाळांनीच जपून ठेवला आहे. झाडाच्या खोडाप्रमाणे प्रवाळाच्या सांगाड्यातही वार्षिक वलये असतात व नदीच्या गाळाबरोबर येणारे बेरियम त्यांत साठते. बर्डेकिन नदीच्या मुखासमोरील पॉराइटीझ प्रवाळांच्या अभ्यासावरून, १८७० च्या सुमारास यूरोपीय वसाहत सुरू झाल्यापासून गाळाचे प्रमाण पाच ते दहापट वाढल्याचे २००३ मध्ये दाखविण्यात आले. त्याच वर्षी पाण्याच्या गुणवत्तेसाठी केंद्र व राज्य शासनांनी संयुक्त योजना आखली.

कंटकमुकुट तारामिनाचा उपद्रवही याच्याशी निगडित मानला जातो. हा काटेरी प्राणी जिवंत प्रवाळ खातो व एक पूर्ण वाढलेला तारामीन वर्षाला सु. १० चौ. मी. पर्यंत प्रवाळ नष्ट करू शकतो. १९६२ मध्ये केर्न्झजवळील ग्रीन बेटावर त्याची पहिली मोठी लाट नोंदली गेली. त्यानंतर १९७९, १९९३ व २०१० च्या सुमारास नव्या लाटा सुरू झाल्या. पुरासोबत आलेल्या पोषकद्रव्यांमुळे वनस्पतिप्लवक वाढतात व त्यांवर जगणारे तारामिनाचे डिंभ अधिक प्रमाणात तगतात, हे याचे एक प्रमुख कारण समजले जाते. त्याच्या भक्षकांची घट हेही दुसरे संभाव्य कारण आहे. पाणबुडे एकेका तारामिनाला सुई टोचून मारतात. हा उपाय निवडक भित्तींपुरताच व्यवहार्य ठरतो.

१९८५–२०१२ या काळातील पाहण्यांवरून जिवंत प्रवाळांचे आच्छादन २८ टक्क्यांवरून सु. १४ टक्क्यांवर आल्याचे दिसून आले. या घटीतील ४८ टक्के वाटा चक्रीवादळांचा, ४२ टक्के तारामिनाचा व १० टक्के विरंजनाचा होता.

तापमानवाढ व विरंजन : उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी सु. १° से. ने अधिक तापलेले राहिले व ही स्थिती काही आठवडे टिकली, तर शैवलांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडून ती विषारी द्रव्ये निर्माण करू लागतात. प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो, पारदर्शक ऊतकांतून पांढरा सांगाडा दिसू लागतो व तो प्राणी उपासमारीच्या अवस्थेत जातो. यास विरंजन म्हणतात. पाणी लवकर थंड झाले तर शैवले परत येतात, अन्यथा प्रवाळ मरतो. संपूर्ण प्रदेशावर परिणाम करणारे विरंजन १९९८ व २००२ मध्ये झाले. त्यानंतर ते २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ व २०२५ मध्ये घडले. २०२२ चे विरंजन सापेक्षतः थंड मानल्या जाणाऱ्या ला निना काळात आले, ही विशेष चिंतेची बाब होय. कोरल समुद्राचे उन्हाळी तापमान २०२४ मध्ये गेल्या ४०० वर्षांतील सर्वाधिक होते, असा निष्कर्ष प्रवाळांच्या सांगाड्यांच्या अभ्यासावरून निघाला आहे.

२०१६ च्या आपत्तीने आधीच्या समजुतींना धक्का दिला. त्या वर्षी मार्च ते नोव्हेंबर या काळात भित्तीवरील प्रवाळांचे आच्छादन सु. ३० टक्क्यांनी घटले. सर्वाधिक हानी झाली ती उत्तरेकडील तृतीयांश भागात. हा भाग शहरांपासून व मळ्यांपासून दूर, सर्वांत स्वच्छ पाण्याचा आणि सर्वांत अस्पर्शित समजला जात होता. पाण्याची गुणवत्ता व मासेमारीबंदी यांचा विरंजनाच्या तीव्रतेवर फारसा परिणाम होत नाही, असे त्या वर्षीच्या सर्वेक्षणातून आढळले. चाळीस वर्षे काळजीपूर्वक उभारलेल्या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेरचा असा हा धोका होता. लागोपाठच्या दोन आघातांनंतर २०१८ मध्ये रुजणाऱ्या नव्या प्रवाळडिंभांची संख्या पूर्वीच्या तुलनेत ८९ टक्क्यांनी कमी भरली. एका भित्तीची उणीव दुसरीने भरून काढण्याची नैसर्गिक सोयच त्यामुळे दुबळी झाली.

तापमानाचे परिणाम प्रवाळांपुरते मर्यादित नाहीत. कासवाच्या पिलाचे लिंग अंडी उबवणाऱ्या वाळूच्या तापमानावर ठरते. उत्तर भागातील तरुण हिरव्या कासवांत ९९ टक्के माद्या असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. भित्तीच्या उत्तर टोकावरील ब्रँबल के या एवढ्याशा बेटावर राहणारा मेलोमिस हा कृंतक प्राणी, वारंवार समुद्राचे पाणी शिरून वनस्पती नष्ट झाल्याने नामशेष झाला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया शासनाने तो निर्वंश झाल्याचे जाहीर केले. मानवनिर्मित हवामानबदलामुळे लोप पावलेला हा पहिला सस्तन प्राणी मानला जातो.

सद्यःस्थिती : भित्ती ‘मेली’ आहे, असे अधूनमधून म्हटले जाते व ती ‘पूर्ण सावरली’, असेही म्हटले जाते. दोन्ही विधाने अयथार्थ आहेत. २०२२ च्या पाहणीत उत्तर व मध्य भागांतील प्रवाळ-आच्छादन ३६ वर्षांच्या नोंदींतील सर्वाधिक आढळले. ही वाढ मुख्यतः ॲक्रोपोरा या भराभर वाढणाऱ्या शाखायुक्त प्रवाळांची होती. मात्र वादळाने मोडणारे, तारामिनाला आवडणारे व उष्णतेने आधी मरणारे प्रवाळही हेच. २०२४ च्या विरंजनानंतर व वादळांनंतर उत्तर व दक्षिण भागांत ३९ वर्षांतील सर्वांत मोठी वार्षिक घट झाल्याचे २०२५ मध्ये नोंदविण्यात आले. सावरण्याची शक्ती आहे, परंतु भराभर वाढणाऱ्या प्रवाळांनाही त्यासाठी सु. दहा वर्षे लागतात. दोन आघातांमधील अंतर आता एकदोन वर्षांवर आले आहे.

यूनेस्कोच्या सल्लागारांनी २०२१ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये या प्रदेशाचा समावेश संकटग्रस्त वारसा यादीत करण्याची शिफारस केली. २०२५ पर्यंत तसा निर्णय झालेला नव्हता. उष्णता सोसणाऱ्या प्रवाळांची पैदास, डिंभांची लागवड व ढगांची परावर्तनक्षमता वाढविणे, असे प्रयोग चालू आहेत. त्यांची व्याप्ती भित्तीच्या विस्ताराच्या मानाने अत्यल्प आहे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०१८ च्या अहवालानुसार जागतिक तापमानात १·५° से. वाढ झाल्यास जगातील उष्ण कटिबंधीय प्रवाळभित्तींपैकी ७० ते ९० टक्के नष्ट होतील आणि २° से. वाढ झाल्यास ९९ टक्क्यांहून अधिक.

यावरून स्थानिक संरक्षण व्यर्थ ठरते, असे मात्र नव्हे. १९६८ मध्ये एलिसन भित्ती वाचली नसती किंवा १९७० मध्ये तेलविहिरी सुरू झाल्या असत्या, तर सावरण्यासाठी आज फारसे काही उरले नसते. स्वच्छ पाणी, शैवले चरणारे मासे व तारामिनावरील नियंत्रण यांमुळे दोन विरंजनांमधील अल्प अवधीत प्रवाळ लवकर पुन्हा वाढतात. त्यामुळे मिळतो तो अवधी. ‘मृत’ भागासही भित्ती मानावे, हे एलिसन प्रकरणाने शिकविले. खारकच्छ व त्यात येणाऱ्या नद्या या भित्तीच्याच भाग आहेत, हे पुढील तीन दशकांनी दाखवून दिले. आता वातावरणाचीही त्यांत गणना करावी लागते आणि त्याची व्यवस्था कोणत्याही एका उद्यानाच्या अथवा एका राष्ट्राच्या कायद्याने होण्यासारखी नाही.